शिकारीसाठी जुनी लष्करी रायफल: मोसिन, माउझर की थ्री-नॉट-थ्री?

जुनी लष्करी रायफल शिकारीला वापरायचं ठरलं की फिरून फिरून तीनच नावं पुढे येतात: मोसिन-नागांत ९१/३०, माउझर ९८ (बहुतेक वेळा के९८के) आणि ली-एनफिल्ड नंबर ४, म्हणजे सगळ्यांच्या ओळखीची थ्री-नॉट-थ्री. हरीण असो वा रानडुक्कर, तिन्हींची काडतुसं पुरून उरतात. १८० ग्रेनच्या आसपासची सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली, आत शिरून पसरणारी) गोळी शंभर मीटरवर खांद्यामागे नीट बसली, तर ती कोणत्या नळीतून आली याला महत्त्व नाही. म्हणून ताकदीच्या वादात फार शिरत नाही. माझी निवड ज्या एका गोष्टीने ठरवली ती काडतुसाशी संबंधित नाहीच. ती आहे सेफ्टी, म्हणजे चाप ओढला तरी गोळी सुटू न देणारी सोय.

खंदकात सेफ्टीचा आवाज कुणी ऐकत बसत नाही. रानात सावज साठ-सत्तर मीटरवर उभं असतं, कान टवकारलेले असतात, आणि त्या क्षणी सेफ्टी काढताना रायफल हलली किंवा खट्‌ झालं की पुढचं सगळं संपलं.

मोसिनला वेगळी कळच नाही. बोल्टच्या (काडतूस आत लोटून नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) मागचं गोल बोंडूक मुख्य स्प्रिंगच्या पूर्ण ताणाविरुद्ध मागे ओढायचं, डावीकडे फिरवायचं आणि तिथे अडकवायचं. काढताना तेच उलटं. त्यासाठी रायफल खांद्यावरून उतरवून दस्ता काखेत किंवा मांडीवर दाबावा लागतो. गार पडलेल्या बोटांनी किंवा हातमोजे घालून हे जमत नाही म्हटलं तरी चालेल. बोंडूक बोटांतून निसटलं तर ते सटकन पुढे येतं आणि त्याला अडवायला एकटा सिअर (चाप ओढेपर्यंत ताण धरून ठेवणारा खटका) उरतो. शंभरेक वर्षं झिजलेल्या सिअरवर एवढी भिस्त ठेवू नये. म्हणून मोसिनवाले बहुतेक जण चेंबर (नळीत काडतूस बसायची जागा) रिकामं ठेवून चालतात आणि सावज दिसल्यावर बोल्ट मारतात. पद्धत सुरक्षित आहे, पण बोल्टचा आवाज व्हायचा तो होतोच. फिनलंडची एम३९, म्हणजे मोसिनचीच सुधारलेली आवृत्ती, बनावटीने कितीतरी सरस, तिचा चापही दोन टप्प्यांचा आणि स्वच्छ. सेफ्टी मात्र तीच.

माउझरची सेफ्टी यंत्र म्हणून तिघांत सर्वोत्तम आहे, हे मान्य करायलाच हवं. बोल्टच्या मागच्या टोकावरचं पातं उजवीकडे असलं की फायरिंग पिन (काडतुसाच्या टोपीवर आदळणारी सुई) आणि बोल्ट दोन्ही बंद. पातं उभं असलं की पिन बंदच राहते, पण बोल्ट उघडतो, त्यामुळे सेफ्टी न काढता रायफल रिकामी करता येते. ही सोय बाकी दोघींत नाही. अडचण होते ती वापरताना. उजवीकडून डावीकडे पूर्ण अर्धं वर्तुळ फिरवावं लागतं, आणि अंगठ्याने नुसतं ढकललं तर शेवटी खट्‌ आवाज येतो. पातं अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून हळू टेकवलं तर आवाज जवळजवळ जातो, पण मग पकड सोडावी लागते. दुर्बीण बसवली की अडचण आणखी वाढते. पातं उभं होताना दुर्बिणीच्या मागच्या टोकाला अडतं आणि बोल्टची मूठही तिच्या अंगाला लागते. यावर बाजूने चालणारी नवी सेफ्टी आणि खाली वाकवलेली मूठ हा नेहमीचा इलाज. म्हणजे दोन सुटे भाग आणि बंदूक-कारागिराची मजुरी. शिवाय मूठ वेल्ड करताना बोल्टला जागेवर अडकवणाऱ्या पकडी जास्त तापल्या तर त्यांची कडकाई उतरते, त्यामुळे हे काम कुणाच्याही हाती देऊ नका.

नंबर ४ ची सेफ्टी डाव्या अंगाला, मागे. छोटी कळ: मागे बंद, पुढे चालू. उजवा हात पकडीवर जसा आहे तसाच राहतो, अंगठा बाजूला नेऊन कळ दाबून धरत पुढे सरकवायची. थोडं तेल असेल आणि हाताला सवय झाली असेल, तर शेजारच्यालाही कळत नाही. कळ कॉकिंग पीसला (पिनला जोडलेल्या, बोल्टच्या मागच्या तुकड्याला) धरते आणि बोल्टही बंद करते. उणीव एवढीच की रिकामी करताना सेफ्टी काढूनच बोल्ट उघडावा लागतो, तेव्हा नळी कुठे रोखली आहे याचं भान सुटता कामा नये. आणि कॉकिंग पीसला अर्धा ताण देणारी जी खाच असते ती सेफ्टी म्हणून कधीही वापरू नये.

दुसऱ्या गोळीचंही सांगतो. एनफिल्डचा बोल्ट साधारण साठ अंश उचलला की सुटतो. माउझर आणि मोसिनला नव्वद लागतात. एनफिल्डचा स्प्रिंग बोल्ट पुढे ढकलताना ताणला जातो, त्यामुळे उचलणं हलकं राहतं आणि गाल दस्त्यावरून न उचलता दुसरं काडतूस आत जातं. मोसिनच्या आखूड, सरळ मुठीला त्यातलं काही जमत नाही. त्यात चेंबरमध्ये जुनं लष्करी ग्रीस वाळून बसलेलं असेल तर दोन-चार गोळ्यांनंतर गरम नळीत काडतूस चिकटतं आणि मूठ तळहाताने ठोकून उघडावी लागते. दोष बोल्टचा नसतो. चेंबरला घट्ट बसेल असा पितळी ब्रश आणि सॉल्व्हंट घेऊन, फडकं स्वच्छ निघेपर्यंत घासलं की हा त्रास बहुधा जातो.

नेमाचं गणित तिघींचं वेगळं. माउझरची माशी (नळीच्या तोंडावरचा नेमाचा खुंट) टोकदार आणि मागची खाच इंग्रजी व्हीसारखी. भर दुपारी ठीक, पण शिकारीच्या वेळी, म्हणजे उजाडताना आणि तिन्हीसांजेला, माशीचं टोक कुठे संपतं तेच दिसत नाही. मोसिनची काडी बरी, पण सोव्हिएत ९१/३० चा नेम संगीन लावून बसवलेला असतो. संगिनीशिवाय गोळी सरकते. ज्या बाजूला गोळ्या जातात त्याच बाजूला माशी तिच्या खाचेत थोडी ठोकायची. गोळ्या वर जात असतील तर माशीच्या काडीवर विजेच्या वायरचं बारीक आवरण चढवून उंची वाढवायची आणि मग लागेल तेवढी कापत आणायची.

नंबर ४ ला मागे भोक असलेली साइट आहे, आणि डोळा भोकाचं केंद्र आपोआप शोधतो. साधी उलटवायची साइट असेल तर तिची भोकं ३०० आणि ६०० यार्डांची, म्हणून शिकारीच्या अंतरावर गोळी वर बसते. उभ्या शिडीची साइट २०० यार्डांपासून सुरू होते, ती शोधून लावावी. उरलेला फरक माशीने काढायचा. नंबर ४ च्या माश्या ०.०१५ इंचाच्या फरकाने वेगवेगळ्या उंचीच्या मिळतात आणि एका पायरीने शंभर यार्डांवर साधारण दोन इंच फरक पडतो. माशी उंच, तर गोळी खाली.

आता थ्री-नॉट-थ्रीच्या खोडी, कारण त्या न सांगणं बरं नाही. तिचं काडतूस बुडाच्या बाहेर आलेल्या कडेवर टेकतं आणि लष्करी चेंबर चिखल-मातीची सोय म्हणून ऐसपैस कापलेलं असतं. गोळी सुटली की पितळ ताणतं, आणि रिकामं काडतूस पुन्हा भरताना प्रत्येक वेळी पूर्ण लांबीच्या डायमधून (पितळ दाबून मूळ मापावर आणणाऱ्या साच्यातून) काढत राहिलात तर काही भरण्यांतच काडतूस बुडापासून थोडं वर फाटतं. बाहेर त्या जागी चकचकीत कडं दिसू लागतं. आतून टोक वाकवलेली बारीक तार फिरवली की खाचही लागते. उपाय साधा आहे: त्याच रायफलीत उडवलेल्या काडतुसाची फक्त मान दाबायची. नव्या पितळाच्या पहिल्या भरणीला कडेपुढे पातळ रबरी कडं चढवून ते बोल्टच्या तोंडाशी धरून ठेवायचं. हेडस्पेस (बोल्टचं तोंड आणि कड टेकायची जागा यांतलं अंतर) ०.०६४ ते ०.०७४ इंचांत असावा. नसेल तर बोल्टचं डोकं बदलता येतं, ते ० ते ३ क्रमांकात येतं.

गोळ्या ०.३११ किंवा ०.३१२ इंचाच्या लागतात, .३०८ च्या नव्हेत. जुन्या नळ्यांचे आटे (आतल्या पिळदार खाचा) ०.३१६ पर्यंतही निघतात, म्हणून आधी मऊ शिशाचा गोळा नळीतून ठोकून माप घ्यावं. आटे पाच असतील तर एका खाचेसमोर उंचवटा येतो आणि साध्या कॅलिपरने माप चुकतं, हेही ध्यानात ठेवा. मॅगझिन भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे यायला हवी, नाहीतर ऐन वेळी दोन कडा एकमेकींत अडकतात.

माउझरच्या ८x५७ ला कडेची ही कटकट नाही, भरणाही छान चालतो. कारखान्याचं काडतूस मात्र बघून घ्यावं. जुन्या ०.३१८ इंची नळ्यांत चुकून ०.३२३ ची गोळी जाईल या भीतीने अमेरिकी कारखाने ते मुद्दाम कमी दाबाने भरतात. युरोपीय भरण पूर्ण ताकदीची असते. माउझरमध्ये आणखी एक सवय लागते: काडतूस चेंबरमध्ये हाताने टाकून बोल्ट लोटायचा नाही, मॅगझिनमधूनच द्यायचं, कारण बोल्टचा पंजा (काडतूस ओढून काढणारा आकडा) आधीच बसलेल्या काडतुसाच्या बुडावरून चढायला तयार नसतो.

लष्करी पूर्ण आवरणाची गोळी शिकारीला वापरू नये. ती न पसरता आरपार जाते, जनावर जखमी होऊन लांब पळतं, आणि बऱ्याच ठिकाणी तिच्यावर बंदीही असते. सरावाला जुनी काडतुसं उडवली तर त्यांच्या बुडातल्या पेटणाऱ्या टोपीतलं क्षार नळीत राहतं आणि हवेतलं पाणी ओढतं. नुसत्या तेलाने ते विरघळत नाही. आधी गरम पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल.

दुर्बीण लावून दीडशे मीटरपलीकडे नेम धरायचा असेल तर माउझर घ्या, खर्चाची तयारी ठेवून. नंबर ४ ला भोकं न पाडता बसणारा माउंट मिळतो, पण चार्जर ब्रिजमुळे (बोल्टवरून आडव्या जाणाऱ्या, क्लिपने काडतुसं भरायच्या पट्टीमुळे) दुर्बीण उंच बसते आणि गालाखाली जाड पट्टी बांधावी लागते. खर्च कमीत कमी करायचा असेल आणि चेंबर रिकामं ठेवून मचाणावर बसायचं असेल, तर मोसिनलाही नावं ठेवायचं कारण नाही. पायी हिंडून, साध्या साइटवर, शंभर मीटरच्या आत शिकार करणाऱ्याने, माझं ऐकाल तर, नंबर ४ कडे आधी बघावं. त्यातही मार्क २, कारण तिचा चाप रिसीव्हरला (बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी सांगाड्याला) टांगलेला असतो. मार्क १ चा चाप ट्रिगर गार्डवर असल्याने लाकूड फुगलं-आकसलं की त्याची ओढ बदलते.

घेताना पुढच्या लाकडाला करवत लागलेली नाही ना ते पाहा, कारण नळी तोंडाशी लाकडावर एक ते तीन किलोच्या दाबाने टेकलेली असायला हवी आणि लाकूड कापलं की गोळ्या पसरतात. नळीच्या तोंडात काडतूस गोळीच्या टोकाकडून घालून बघा. मानेपर्यंत सैल उतरत असेल तर साफसफाईच्या सळईने तोंड झिजलेलं आहे. मग रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करून बोल्ट बंद करा, सेफ्टी लावा, चाप जोरात ओढून सोडा आणि सेफ्टी काढा. त्या वेळी पिन पडली, तर किंमत कितीही उतरवली तरी ती रायफल दुरुस्तीशिवाय रानात नेऊ नका.