बोटीसाठी एअरब्रश घेताय? पेन नंतर, आधी कॉम्प्रेसर बघा

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू विमानं, रणगाडे किंवा बोटाएवढे सैनिक रंगवणाऱ्यांसाठी नाहीये. मी बोटी करतो, रिमोटवर चालणाऱ्या, प्लायवूडच्या आणि फायबरच्या, हल (म्हणजे बोटीचं मुख्य अंग, डेकखालचं) सत्तर सेंटीमीटरपासून मीटरभरापर्यंत, आणि एअरब्रशचे (हवेच्या जोरावर रंग फवारणाऱ्या पेनाचे) व्हिडिओ बघायला गेलं की बहुतेक सगळे छोट्या प्लॅस्टिक किटवाल्यांचेच निघतात. ते लोक ०.२ मिलिमीटरची नीडल (रंग सोडणारी सुई) लावून केसाएवढी रेघ मारून दाखवतात, बघायला भारी वाटतं, पण त्याच नीडलने ९० सेंटीमीटरचा ट्रॉलर रंगवायला घेतला तर या टोकाकडून त्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं, पट्ट्यांचे जोड दिसतात आणि वरून हात फिरवला की सगळं खरखरीत. बोटीला लागणारं सामान वेगळं आहे आणि सुदैवाने ते फार महागही नाही, फक्त लोक पैसे पेनवर घालतात (पेन म्हणजे एअरब्रशच, ऑनलाइन सगळे तसंच विकतात) आणि माझ्या मते ते हवेवर घालायला पाहिजेत.

तर कॉम्प्रेसर. मी वापरतो तो एएस-१८६ टाइपचा. हा कुठल्या एका कंपनीचा नाही, तोच चिनी माल वेगवेगळ्या नावांनी वेगवेगळे स्टिकर लावून मिळतो, त्यामुळे नाव बघू नका, आकडे बघा. एक पिस्टन, तेल घालायची भानगड नाही, १/६ हॉर्सपॉवर म्हणजे साधारण १२५ वॅट, मिनिटाला २०-२३ लिटर हवा, खाली ३ लिटरची टाकी. टाकीत ४ बार (दाबाचं माप) झाले की आपोआप बंद होतो, ३ बारला उतरलं की परत चालू. याचाच बिनटाकीवाला भाऊ मिळतो, थोडा स्वस्त असतो, तो घेऊ नका. पिस्टन हवा एकसारखी देत नाही, ठोक्याठोक्याने देतो, आणि तो ठोका लांब सरळ हात मारताना हलवर उमटतो, हल मोठा आणि चकचकीत असेल तर जास्तच. टाकी ते ठोके गिळते. शिवाय टाकीमुळे मोटरला अधूनमधून विश्रांती मिळते, नाहीतर हल रंगवायचा म्हणजे बराच वेळ सलग ट्रिगर दाबलेला असतो, तेवढ्यात बिनटाकीवाला इतका तापतो की हात लावता येत नाही. आवाजाचं म्हणाल तर मिक्सरपेक्षा खूपच कमी, रात्री बेडरूमचं दार लावून चालवला तरी घरचे काही बोलत नाहीत, थिनरच्या वासावरून मात्र बोलतात आणि ते त्यांचं बरोबरच आहे.

प्रेशर लावताना एक गोष्ट, गेजवर २० पीएसआय (हेही दाबाचंच माप) दिसतंय म्हणून ते पेनला मिळतंय असं नसतं. ट्रिगर दाबला की काटा खाली येतो, कधी चार-पाच पीएसआयने येतो. म्हणून ट्रिगर दाबून धरायचा आणि मग रेग्युलेटर (दाब कमी-जास्त करायची कळ) फिरवायचा. डेकवरची छोटी कामं मी १५ च्या आसपास करतो, हलचा रंग २०-२५ ला आणि सर्फेसर (रंगाआधीचा अस्तराचा थर) ३० पर्यंत.

आता पाणी. मी रत्नागिरीत राहतो, पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं तिथे हवेला का सुटणार नाही. हवा दाबली की तापते, तापलेली असते तोवर बाष्प तिच्यात मावतं, आणि तीच हवा पुढे होजमध्ये (हवेच्या नळीत) गार झाली की थेंब होतात आणि थेट रंगाबरोबर हलवर येतात. कॉम्प्रेसरवर रेग्युलेटरच्या खाली काचेसारखी वाटी असते ना, तो ट्रॅप, तो चांगलाच आहे पण तिथे हवा अजून कोमट असते, त्यामुळे सगळं पाणी काही तिथे अडत नाही. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही स्वस्त. एक म्हणजे होज लांब घ्या, तीन मीटरचा, म्हणजे हवा वाटेत गार होते, आणि दुसरं म्हणजे पेनच्या अगदी खाली बसणारा छोटा ट्रॅप लावा, पेन थोडं जड होतं पण सवय होते. तिसरी गोष्ट फुकट आहे, टाकीच्या बुडाला एक स्क्रू असतो तो काम झाल्यावर उघडायचा. जुलैमध्ये तिथून जे गंजाळलेलं पाणी निघतं ते एकदा बघितलंत की परत विसरणार नाही. देशावरच्या लोकांना, म्हणजे सोलापूर, नगर साइडला, हा त्रास बराच कमी, त्यांनी दुसऱ्या ट्रॅपचे पैसे वाचवले तरी चालेल. आम्ही मात्र फायनल हात दिवाळीनंतरच मारतो, पावसाळ्यात सुतारकाम आणि लांबी (पुटी) भरणं.

पेनकडे येऊ. डबल अ‍ॅक्शन म्हणजे खाली दाबलं की हवा आणि मागे ओढलं की रंग, सिंगल अ‍ॅक्शन म्हणजे दाबलं की दोन्ही, रंग किती ते आधीच स्क्रूने ठरवून ठेवायचं. सगळे सांगतात डबल घ्या, डबलच घ्या. डेक, केबिन, गंजाचे ओघळ, धुराड्यावरची काजळी यासाठी हो, डबलच. पण नुसत्या हलसाठी सिंगल अ‍ॅक्शन वाईट नाही हे कुणी सांगत नाही, लांब सरळ हात मारताना रंगाचं प्रमाण हलत नाही हा उलट फायदाच आहे.

त्यापेक्षा महत्त्वाचा आकडा नॉझलचा (रंग बाहेर पडतो त्या भोकाचा, मिलिमीटरमध्ये) आणि कपाचा. ९० सेंटीमीटरचा हल म्हणजे बाहेरून पाव चौरस मीटरच्या आसपास भरतो. ओला हात साधारण ५० मायक्रॉनचा धरला तर १२-१३ मिली रंग नुसता हलवर बसायला लागतो, आजूबाजूला उडतो तो वेगळा, म्हणजे एका हाताला २० मिली तरी कालवायचा. आणि त्या स्वस्त सेटमधल्या पेनचा कप असतो ७ मिलीचा. म्हणजे मधेच थांबा, कप भरा, परत सुरू करा, आणि तोवर आधीची कडा वाळायला लागलेली. म्हणून बोटीवाल्याने नॉझल ०.५ किंवा त्याहून मोठं आणि कप मोठा नाहीतर खालून बाटली लागणारं, एवढं धरून चालायचं.

नावं घ्यायची तर बॅजरचं पेट्रियट १०५ मला या कामाला सगळ्यात पटतं, ०.५ नीडल, वर कप, दणकट, आणि नॉझल थ्रेडचं नाही, नुसतं बसवायचं. इवाटाचं एक्लिप्स एचपी-सीएस हातात घेतलं की फरक कळतो, ट्रिगर लोण्यासारखा चालतो, पण ते ०.३५ चं आहे आणि किंमत बघता फक्त हल रंगवायला ते घेणं मला तरी जिवावर येतं, डिटेलिंगची हौस असेल तर गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या पाशे कंपनीचं एच मॉडेल दिसायला अगदी जुनाट, सिंगल अ‍ॅक्शन, रंग आणि हवा नॉझलच्या बाहेर मिसळतात, खालून बाटली लागते, हेड तीन साइजची मिळतात आणि सगळ्यात मोठं तर १ मिलिमीटरच्या वर जातं. बारीक काम विसरा, पण सर्फेसर आणि हलचा सपाट रंग यासाठी एकदम वर्कहॉर्स, आणि धुवायला दोन मिनिटं. यातलं काहीही घेताना होजचा थ्रेड बघून घ्या, इवाटा आणि चिनी पेनं १/८ बीएसपीवर चालतात, बॅजर आणि पाशेचे थ्रेड वेगळे, अ‍ॅडाप्टर आधीच मागवला नाही तर पेन येऊन पडेल आणि तुम्ही बघत बसाल.

आणि दोन हजारांच्या आतलं ते १३० टाइपचं चिनी पेन, ०.२, ०.३, ०.५ अशा तीन नीडल डबीत. खरं सांगू, ०.५ लावून ते चालतं. फिनिशिंग ओबडधोबड असतं, नीडलचं टोक घ्यायच्या आधी नखावर फिरवून बघा, वाकलेलं असेल तर बदलून मागा. याचा खरा वीक पॉइंट म्हणजे ते मुंगीएवढं थ्रेडवालं नॉझल, पान्याने जरा जास्त आवळलं की मान तुटते आणि अर्धं आत राहतं. जास्तीची दोन नॉझलं पेनबरोबरच मागवून ठेवा, किरकोळ पैशांत येतात.

काही जण विचारतात गाड्यांना टचअप करतात ती छोटी गन का नको, १०० मिलीचा कप असतो, ०.८ चं नॉझल. गन छानच आहे, पण ती हवा किती खाते ते बघा, आपला २० लिटरवाला कॉम्प्रेसर तिच्यापुढे काही सेकंदांत दम सोडतो. त्यासाठी गॅरेजचा मोठा कॉम्प्रेसर पाहिजे. मी मीटरभर हलचा सर्फेसर ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे नेऊन मारतो, तो म्हणतो दादा बोट इथेच ठेवा, बंपरबरोबर मारून देतो. हे जमत असेल तर बिनधास्त करा.

रंगाचं थोडक्यात. टामियाचे अ‍ॅक्रिलिक त्यांच्याच एक्स-२०ए थिनरमध्ये निम्मे-निम्मे केले की सुरेख बसतात, पण त्या १० मिलीच्या बाटल्यांनी मोठा हल रंगवणं म्हणजे खिसा रिकामा. हलला मी गाडीच्या रंगाच्या दुकानातून एनसी (नायट्रोसेल्युलोजचा रंग) मिक्स करून आणतो, हवा तो शेड, हवं तेवढं. दुधाएवढं पातळ करायचं, गाळून घ्यायचं (गाळलं नाही तर नॉझल चोंदणारच), १२-१५ सेंटीमीटर अंतर, हात हलच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा, आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत. दमट दिवशी एनसी पांढरट पडतं, धुकं धरल्यासारखं, त्याला दुकानात रिटार्डर थिनर मागा, थोडंसं टाकलं की वाळायला वेळ घेतं आणि पांढरं येत नाही. दोन डब्यांचं पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, मात्र घरी मारू नका, कृपया. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फुप्फुसाला कायमचा दमा लावू शकतं, साधा कापडी मास्क तर त्याला अडवतच नाही. ते बूथवाल्याला द्या. एनसीलासुद्धा सेंद्रिय वाफांचा कार्ट्रिज असलेला हाफ मास्क पाहिजेच, आणि खिडकी उघडी, गॅस बंद, देवघरातला दिवासुद्धा विझवलेला.

एअरब्रशची खरी कमाल वॉटरलाइनला दिसते. मिरकरवाड्याला (आमचं रत्नागिरीचं मच्छीमार बंदर) ट्रॉलर बघा, खालचा लाल आणि वरचा रंग यांच्यातली रेघ. हल स्टँडवर लेव्हल करून ठेवायचा, ठोकळ्याला पेन्सिल बांधायची आणि ठोकळा टेबलावरून सरकवत चारी बाजूंनी फिरवायचा. स्टेशनरीवाल्याचा पिवळा खडबडीत टेप नको, खालून रंग झिरपतो. गाडीच्या रंगवाल्यांकडे फाइनलाइन टेप मिळतो, वळणावर छान वळतो. टेप नखाने दाबून झाला की कडेवर आधी टेपखाली आहे तोच रंग अगदी हलका मारायचा, जिथे फट असेल तिथे तोच भरतो, आणि मग नवा रंग. रंग पूर्ण कडक व्हायच्या आधी टेप स्वतःवरच उलटा दुमडत काढायचा. नाळेवरचा (बोटीच्या पुढच्या टोकावरचा) आयएनडी-एमएच हा नोंदणी नंबरसुद्धा मी व्हायनल स्टेन्सिल कापून असाच मारतो, १५ पीएसआय, तीन-चार कोरडे हात, एकदम ओला मारला की अक्षरांना पाय फुटतात.

धुणं हा कंटाळवाणा भाग, पण पेन टिकतं ते यावरच. रंग बदलताना थिनर टाकून नॉझलवर टिश्यू धरायचा आणि ट्रिगर मागे घ्यायचा, कपात बुडबुडे येतात, घाण वर येते, दोनदा-तीनदा करायचं. एनसी वापरणार असाल तर घेतानाच विचारा की आतला सील टेफ्लॉनचा आहे का, रबरी रिंग एनसी थिनरमध्ये फुगते आणि मग ट्रिगर अडकतो. अख्खं पेन थिनरच्या डब्यात बुडवून ठेवणं हा उद्योग तर अजिबात नको.

भाचा एनसीसीच्या नेव्हल विंगला आहे, त्यांच्याकडे नौसैनिक कॅम्पला शिप मॉडेलिंगची स्पर्धा असते, त्याला मित्राने ते मोबाइलसारखं चार्ज होणारं बिनवायरचं पेन घ्यायला सांगितलं होतं. त्यात छोटी मोटर थेट पेनला चिकटलेली, टाकी नाही, प्रेशर बहुतेकांत वीस-पंचवीसच्या पुढे जात नाही आणि नीट सेटही करता येत नाही. केबिनला गंज मारायला ठीक, हलला नाही. त्याला म्हटलं युनिटमधल्या चार जणांनी मिळून टाकीवाला कॉम्प्रेसर घ्या, पेन प्रत्येकाने आपापलं स्वस्तातलं ०.५ चं आणा. घेतला त्यांनी, आता भांडण चालू आहे की टाकीचं पाणी कुणी काढायचं.