फ्रीसिंक मॉनिटर घ्यावा, की आहे त्यावरच अर्ध्या दराने उडावं?

मेहुण्याचा फोन आला तेव्हा मी घाटकोपरच्या इमारतींवरून खाली येत होतो. सिममध्ये, म्हणजे संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, अर्थात. "भावोजी, नवा मॉनिटर घेऊ का? मुंबईला उतरताना शेवटच्या सरळ टप्प्यात, फायनलवर, चित्र फार अडखळतं हो." त्याला म्हटलं, थांब रे, आधी मला उतरू दे. उतरलो, आणि मग त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय. याच फाट्यावर दोन वर्षांपूर्वी मी उभा होतो आणि एका रस्त्याने बराच पुढे जाऊन परत आलोय.

दुखणं ओळखीचंच आहे. मोकळ्या रानावर सिम सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं देतं, मोठ्या विमानतळाजवळ आलं की चाळीस-पंचेचाळीसवर घसरतं. ६० हर्ट्‌झच्या मॉनिटरवर, म्हणजे सेकंदाला साठ वेळा बदलणाऱ्या पडद्यावर, व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या ठेक्याशी जुळवणारी सोय) लावून ४५ फ्रेम दाखवायच्या, तर काही फ्रेम १६.७ मिलिसेकंद थांबतात आणि काही ३३.३. सरासरी छान दिसते, डोळ्यांना मात्र झटके बसतात. व्ही-सिंक काढलं की झटके कमी, पण बेस लेगवर (फायनलला वळण्याआधीच्या आडव्या टप्प्यात) मान वळवून रनवे शोधायला जावं तर धावपट्टी मधूनच कापल्यासारखी दिसते, वरचा अर्धा भाग एकीकडे, खालचा दुसरीकडे. ग्राफिक्स कार्ड बदलूनही यात फारसा फरक पडत नाही, कारण गर्दीच्या ठिकाणी अडतं ते प्रोसेसरच्या एका धाग्यावर, मेन थ्रेडवर. विमानाची गणितं, कॉकपिटमधल्या काचेच्या पडद्यांचा बराचसा भार, आजूबाजूची विमानं, लांबवरचा भूभाग, सगळं त्याच्याच डोक्यावर. मायक्रोसॉफ्टच्या सिमच्या डेव्हलपर मोडमधल्या फ्रेम काउंटरवर 'लिमिटेड बाय मेन थ्रेड' असं दिसत असेल तर तुम्ही याच पंगतीत बसलेले आहात.

मग रस्ते उरतात दोन. एक, फ्रीसिंक किंवा जी-सिंकवाला मॉनिटर घ्यायचा, म्हणजे फ्रेम तयार होईल तेव्हाच पडदा बदलेल. दुसरा, फुकटचा: फ्रेम रेट मुद्दाम मॉनिटरच्या दराच्या निम्म्यावर बांधून टाकायचा. तिसरा रस्ता फ्रेम जनरेशनचा, म्हणजे दोन खऱ्या फ्रेमच्या मधे एक बनावट. तोही करून पाहिला. बाहेरचा देखावा मऊ दिसतो, पण उंचीच्या पट्टीवरचे आकडे फिरताना एकमेकांवर सांडतात, आणि हाताला लागणारा प्रतिसाद खऱ्या फ्रेमचाच राहतो. निवांत फेरफटक्याला ठीक, माझं मन काही बसलं नाही.

मी पहिला रस्ता धरला. ७५ हर्ट्‌झचा फ्रीसिंक मॉनिटर घेतला, बजेटमधला. पहिला आठवडा तर लग्नघरासारखा गेला. रत्नागिरीहून किनाऱ्याकिनाऱ्याने छोटं सेसना घेऊन तीन हजार फुटांवरून जायचं, फ्रेम ५५ ते ७० च्या मधे कुठेही खेळतायत आणि चित्र लोण्यासारखं. बायकोनेही मागून जाता जाता थांबून बघितलं. हे मी आजही नाकारत नाही: आपल्या पल्ल्यात असताना फ्रीसिंकच्या तोडीचं दुसरं काही नाही.

गोची त्या 'पल्ल्यात' या शब्दात होती. माझ्या मॉनिटरचा पल्ला ४८ ते ७५. खोक्याच्या दर्शनी बाजूला ७५ मोठ्या अक्षरांत, ४८ आतल्या कागदावर. ४८ च्या खाली गेलात की पडदा फ्रेमची वाट बघणं सोडतो आणि आपल्या ठरलेल्या दराने चालू लागतो, म्हणजे आपण पुन्हा मूळ दुखण्यावर. यावर लो फ्रेमरेट कॉम्पेन्सेशन नावाची तोड असते, तीत प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून पडदा पल्ल्यात ठेवला जातो. पण ४४ ची दुप्पट ८८, आणि माझं पॅनल ७५ च्या वर जात नाही. त्यामुळे साधारण ३८ ते ४८ हा पट्टा म्हणजे माझ्यासाठी खड्डाच. आणि फायनलवर माझं सिम नेमकं कुठे असतं? ४४ ते ५२.

आता ज्या एका गोष्टीने निकाल लागला ती सांगतो. एअरबस ए३२०, २७ नंबरची धावपट्टी, संध्याकाळची वेळ. "फिफ्टी... फॉर्टी..." (विमान उरलेली उंची फुटांत बोलून सांगतं) इथवर फ्रेम ५० च्या आसपास, चित्र गुळगुळीत, हात निवांत. "थर्टी"ला मी साइडस्टिक (विमानाचा दांडा) नाक उचलायला जरा मागे घेतो, आणि त्याच क्षणी टर्मिनल नजरेच्या टप्प्यात येऊन फ्रेम ४६ वर. पडद्याची लय तुटते, स्टिक आणि नाक यांच्यातलं अंतर एकदम वेगळं वाटतं. मला वाटतं नाक उचललं गेलंच नाही, म्हणून अजून ओढतो. तेवढ्यात फ्रेम परत ४९, नाक वर, "रिटार्ड" (इंजिनाची ताकद काढा) म्हणेपर्यंत विमान तरंगलेलं, आणि मग धप्प. एकदा झालं असतं तर माझी चूक म्हणून सोडून दिलं असतं. पण आठवड्यात पाच वेळा तीसच फुटांवर हाच खेळ. उशीर एकसारखा असेल तर तो सोसतो; पण उशीर क्षणाक्षणाला बदलत राहिला तर हात शिकणार काय? विलंबित चालेल हो, लय हलायला नको.

पल्ला ताणायचाही प्रयत्न केला. कस्टम रेझोल्यूशन युटिलिटी नावाच्या प्रोग्रॅममध्ये ४८ चे ४० केले, तर पडदा मधूनच क्षणभर काळा व्हायला लागला. दुसऱ्या कुणाच्या पॅनलला हे झेपत असेल, माझ्या पॅनलला नाही झेपलं.

शेवटी वैतागून फ्रीसिंक बंद केलं आणि दर अर्धा केला. ७५ चे निम्मे साडेसदतीस. म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी २६.७ मिलिसेकंद, आणि प्रत्येक फ्रेम पडद्यावर बरोबर दोन फेऱ्या थांबते, ना एक, ना तीन. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिममध्ये व्ही-सिंक लावलं की मर्यादा मॉनिटरच्या दराच्या टक्क्यांत निवडता येते, तिथे ५० टक्के. युक्ती जुनीच आहे. मायक्रोसॉफ्टच्याच २००६ च्या एफएसएक्स या जुन्या सिमच्या दिवसांत लोक ग्राफिक्स ड्रायव्हरची सेटिंग्ज बदलणाऱ्या एनव्हिडिया इन्स्पेक्टरमध्ये '१/२ रिफ्रेश रेट' लावून हेच करायचे.

फक्त एक पथ्य. अर्धा दर तेव्हाच कामाचा, जेव्हा सर्वांत वाईट जागीही तो तुटत नाही. मी मुंबईच्या सर्वांत गर्दीच्या जागी विमान पॉज करून मेन थ्रेडचा आकडा बघितला, तर २९ मिलिसेकंद. म्हणजे २६.७ च्या वर, अपयशच. टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (लांबच्या भूभागाचा बारकावा) २०० वरून १२० वर आणलं, आजूबाजूची विमानं निम्मी केली, आकडा २३ वर आला. लांबचे डोंगर थोडे बोथट झाले हे मान्य, पण लँडिंग करताना सह्याद्रीकडे कोण बघतंय. आणि मर्यादा एकाच जागी लावा. सिममध्ये एक, ड्रायव्हरमध्ये एक आणि वर रिवाट्यूनर या फ्रेमवर मर्यादा घालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक, असं केलं की एकाच चौकात तीन ट्रॅफिक हवालदार उभे केल्यासारखं होतं.

यानंतर महिनाभर मी दोन्ही पद्धतींचं प्रत्येक लँडिंग वहीत टिपलं. शास्त्रीय चाचणी वगैरे म्हणणार नाही, हात माझाच आणि मूडही माझाच. आकडा म्हणजे टेकताना खाली येण्याचा वेग, कमी तितकं मऊ. फ्रीसिंकवर माझं काही लँडिंग १५० फूट प्रतिमिनिट तर पुढचंच पाचशेवर. अर्ध्या दरावर बहुतेक १८० ते २५० च्या घरात. सर्वोत्तम लँडिंग फ्रीसिंकवरचंच आहे, हेही वहीत लिहिलेलं आहे. वर कार्ड कमी तापतं, मे महिन्यात तेही काही कमी नाही.

अर्ध्या दराचे तोटे आहेतच. माउसने मान फिरवली की चित्र जड वाटतं, सुरुवातीचे दोन-तीन दिवस तर पाण्यात हात हलवल्यासारखं. हेड ट्रॅकिंग (डोकं वळवलं की चित्र वळतं) वापरणाऱ्यांना हे जास्त बोचेल. व्हीआरवाल्यांनी माझं काहीच ऐकू नये. आणि जुन्या ६० हर्ट्‌झवर निम्मे म्हणजे ३०. एअरलायनर उडवणाऱ्याला पुरतात, हवाई कसरतीवाल्याला बहुधा नाही. त्याहून खाली मात्र जाऊ नये. एक्स-प्लेन हे दुसरं सिम तर २० च्या खाली गेलं की वेळच हळू चालवायला लागतं.

तुमच्या खिशाला १४४ हर्ट्‌झचा, ४८ ते १४४ पल्ल्याचा मॉनिटर परवडत असेल तर माझी तक्रार बरीचशी गळून पडते. ४४ ची दुप्पट तिथे आरामात बसते आणि तो खड्डाच उरत नाही. तसा मॉनिटर मित्राकडे दोन संध्याकाळी वापरलाय, छानच वाटला. तरी तिथेही मी हळूच एक तृतीयांश, म्हणजे ४८ वर बांधून बघितलंच, आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त शांत वाटलं. सवयीचा भाग असेल. ७५ हर्ट्‌झच्या स्वस्त मॉनिटरवर मात्र केवळ सिमसाठी पैसे घालू नका असं मला वाटतं. घ्यायचाच असेल तर दुकानात पहिला प्रश्न खालच्या आकड्याचा विचारा.

मेहुण्याने त्या रात्री जुन्याच ६० हर्ट्‌झवर ३० लावले आणि साडेअकराला फोटो पाठवला: १६२ फूट प्रतिमिनिट. मॉनिटरच्या पैशांत आता रडर पेडल्स (पायांनी चालवायचे) घेणार म्हणतोय, आणि कोणते घ्यावेत हे विचारायला उद्या पुन्हा फोन करणार आहे.