नौपाड्यातील रसास्वाद वर्ग: पाच रविवारांत ऑस्ट्रेलिया

माझी मुलगी गेली सहा वर्षे मेलबर्नला राहते. तिच्याकडे दोनदा जाऊन आल्यानंतरही त्या देशाविषयीची माझी समज क्रिकेट, समुद्रकिनारे आणि तिच्या घरामागची शांत गल्ली एवढ्यापुरतीच होती. म्हणून ठाण्यात नौपाड्यातील एका सभागृहात ऑस्ट्रेलियाचे जीवन आणि इतिहास चित्रपट व दूरचित्रवाणीच्या आधारे समजावून सांगणारा पाच रविवारांचा रसास्वाद वर्ग भरणार असल्याचे कळताच मी नाव नोंदवले. शुल्क दीड हजार रुपये, वेळ दुपारी चार ते सात आणि भाषा मराठी, असे त्याचे स्वरूप होते. दोन चित्रपट पूर्ण आणि बाकीच्यांचे निवडक अंश दाखवले गेले. प्रत्येक अंशापूर्वी आणि नंतर मार्गदर्शक बाई बोलत असत. चित्रपट कसा आहे यापेक्षा तो कोणी चित्रित केला, कोणासाठी केला आणि त्यातले आज किती उरले आहे, हे त्या आधी विचारत. हा वर्ग मला मोलाचा वाटला तो या प्रश्नांमुळे.

पहिल्या रविवारी त्यांनी सुरुवात सिडनीहून न करता काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलातून केली. ७ जुलै १८९६ रोजी तेथे ल्युमिएर बंधूंची चलत्‌चित्रे दाखवणारा मारियस सेस्तिए हा फ्रेंच माणूस त्याच वर्षी मुंबईहून पुढे सिडनीला गेला, आणि ३ नोव्हेंबर रोजी त्याने मेलबर्न कप ही घोड्यांची शर्यत चित्रित केली. मुंबईतला तो खेळ आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण तो दाखवणारा माणूस येथून कोठे गेला, हे मी कधी कोणाला विचारले नव्हते. दोन देशांच्या पडद्याच्या आरंभकाळात एकाच माणसाचा हात असावा, याचे मला अतिशय अप्रूप वाटले. त्या चित्रणात घोड्यांपेक्षा माणसेच अधिक दिसतात: आगगाडीतून उतरणाऱ्या, मोठ्या टोप्या घातलेल्या स्त्रिया, कॅमेऱ्याकडे वळून पाहणारे पुरुष, सारे सणासुदीच्या पोशाखात. मेलबर्न कपच्या दिवशी त्या शहरात सार्वजनिक सुट्टी असते हे मुलीकडून ऐकले होते. त्या सुट्टीचे वय त्या दिवशी उमगले.

त्यानंतर १९०६ सालचा ‘द स्टोरी ऑफ द केली गँग’ आला. चार्ल्स टेट यांचा हा चित्रपट एक तासाहून अधिक लांबीचा होता आणि जगातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून तो ओळखला जातो. २००७ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत त्याचा समावेश केला. आज त्याचा सुमारे सतरा मिनिटांचाच भाग शिल्लक आहे. तोही जागोजागी इतका खराब झालेला आहे, की लोखंडी चिलखत घातलेला दरोडेखोर नेड केली पोलिसांवर चालून येतो तेव्हा तो धुरातून येतो आहे की फिल्मवरच्या डागांतून, हे सांगता येत नाही. आपल्या ‘राजा हरिश्चंद्र’चाही काही भागच उरला आहे, याची त्या वेळी आठवण झाली. केलीला १८८० मध्ये फाशी झाली होती आणि त्याच्यासारख्या दरोडेखोरांवरचे चित्रपट इतके लोकप्रिय झाले, की १९११-१२ च्या सुमारास काही राज्यांच्या सरकारांनी त्यांवर बंदी घातली. वर्गातील एका गृहस्थांनी उमाजी नाईकांचा दाखला दिला. बाईंनी तो आदराने ऐकून घेतला. मात्र सत्तेविरुद्ध उभा राहिलेला माणूस एवढे साम्य मान्य करूनही, केली हा आयरिश वसाहतवाल्यांचा मुलगा होता आणि ज्या जमिनीवर तो लढला ती मुळात तिसऱ्याच लोकांची, म्हणजे तेथील आदिवासींची होती, हे त्यांनी स्पष्टपणे दाखवून दिले.

त्या तिसऱ्या लोकांवरचा तिसरा रविवार हा या वर्गाचा गाभा होता. आल्फ्रेड हॅडन हे केंब्रिजचे अभ्यासक १८९८ मध्ये ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीतील मेर बेटावर कॅमेरा घेऊन गेले होते. त्यांनी टिपलेले अवघ्या काही मिनिटांचे चित्रण आम्ही दोनदा पाहिले. त्यात पुरुष मुखवटे घालून नाचतात. हे मुखवटे पुठ्ठ्याचे असून केवळ चित्रणासाठी बनवून घेतले होते, कारण मिशनऱ्यांच्या आगमनानंतर मूळ मुखवटे उरलेच नव्हते, हे बाईंनी दुसऱ्या वेळेपूर्वी सांगितले, आणि तोच नाच पाहताना सभागृहात कोणी हलले नाही. पुढचा दुवा त्याहून मोठा होता. याच मेर बेटावर जन्मलेल्या एडी कोइकी माबो यांनी जमिनीच्या हक्कासाठी दिलेल्या लढ्यात ३ जून १९९२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि ब्रिटिश आले तेव्हा ही भूमी कोणाचीच नव्हती हा सिद्धान्त मोडीत निघाला. माबो त्याआधी काही महिने वारले होते. शंभर वर्षांपूर्वी कॅमेऱ्याने ज्यांना केवळ अभ्यासाचा विषय मानले, त्यांच्याच बेटाने देशाचा कायदा बदलला, हे त्या अंधुक चित्रांशेजारी ठेवून सांगण्याची ही रीत मला फार भावली.

त्याच दिवशी ‘रॅबिट-प्रूफ फेन्स’ हा फिलिप नॉइस यांचा २००२ सालचा चित्रपट पूर्ण दाखवला. सरकारी धोरणानुसार मिश्र वंशाच्या मुलांना आईपासून तोडून वसतिगृहांत ठेवले जात असे. १९३१ मध्ये अशा तीन मुली मूर रिव्हर येथून पळाल्या आणि सशांना अडवण्यासाठी घातलेल्या कुंपणाच्या आधाराने शेकडो मैल चालत घराकडे निघाल्या. शेवटी त्यांतल्या दोघी, मॉली आणि डेझी, वृद्धावस्थेत प्रत्यक्ष पडद्यावर येतात. माझ्या शेजारच्या बाई रडत होत्या आणि मीही रडत होते. त्यानंतर लगेच १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत मागितलेल्या माफीचे दूरचित्रवाणीवरील चित्रण दाखवले. हा क्रम अत्यंत विचारपूर्वक लावलेला होता.

दुसऱ्या महायुद्धाचा भाग आटोपशीर होता. डेमियन पेरर यांनी न्यू गिनीच्या जंगलात टिपलेल्या कोकोडा आघाडीच्या वार्तापटाला ऑस्ट्रेलियाचे पहिले ऑस्कर मिळाले, हे त्यात समजले.

दूरचित्रवाणीचा चौथा रविवार मात्र अपुरा वाटला. १६ सप्टेंबर १९५६ रोजी सिडनीत नियमित प्रक्षेपण सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या मेलबर्न ऑलिंपिकचे खेळही दूरचित्रवाणीवर दिसले, येथपर्यंतचे विवेचन चांगले होते. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले, हे लक्षात घेता त्या समाजात घरातला पडदा आपल्यापेक्षा सोळा वर्षे आधी रुजला. त्यापुढे १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘नेबर्स’ या मालिकेवर जवळजवळ तासभर गेला, आणि १९८० मध्ये अनेक भाषांतील कार्यक्रमांसाठी सुरू झालेल्या एसबीएस वाहिनीला दहा मिनिटेही मिळाली नाहीत. १९०१ च्या कायद्याने बिगरगोऱ्यांना दारे बंद करणारा आणि १९७३ नंतर ती पूर्णपणे उघडणारा देश आपल्या पडद्यावर स्थलांतरितांना कसा दाखवू लागला, हे जाणून घेण्यासाठी माझ्यासारखे अनेक पालक तेथे आले होते. ठाण्यात असा वर्ग घेताना हा विषय एवढ्यात उरकणे योग्य नव्हे, असे मी लेखी अभिप्रायात नोंदवले आहे.

शेवटच्या रविवारी ‘टेन कनूज’ हा २००६ सालचा, उत्तर ऑस्ट्रेलियातील योल्ङु या आदिवासी लोकांच्या भाषांत बोलणारा चित्रपट पाहिला. डोनाल्ड थॉमसन यांनी १९३० च्या दशकात काढलेल्या, दलदलीतून होड्या हाकणाऱ्या दहा पुरुषांच्या एका छायाचित्रातून तो घडला. मृत व्यक्तींची चित्रे व आवाज यांविषयी आदिवासी प्रेक्षकांना सावध करणारी सूचना तेथे अशा चित्रणांपूर्वी देतात. बाईंनी ती प्रत्येक वेळी मराठीत वाचून दाखवली आणि ती कधीही गाळली नाही.

व्यवस्थेबाबत काही गोष्टी सांगणे आवश्यक आहे. सभागृहाच्या खिडक्या रस्त्याकडे उघडत असल्याने जुन्या ध्वनिमुद्रणातील संवाद वाहनांच्या आवाजात हरवतात. पडदा खाली लावलेला असल्यामुळे चौथ्या रांगेच्या मागे उपशीर्षके दिसत नाहीत, म्हणून साडेतीनलाच पोहोचावे. दोन रविवारी प्रक्षेपक जोडण्यात वीस मिनिटे गेली. वाटलेल्या टिपणात व्यक्तिनामे प्रत्येक पानावर निराळ्या प्रकारे लिहिलेली आहेत. ती एकदा तपासून घ्यायला हवीत. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होते आणि जागा चाळीसच आहेत. ज्यांना पाचही रविवार जमणार नाहीत, त्यांना एकाच दिवसासाठी चारशे रुपयांत प्रवेश मिळतो. त्यांनी तिसरा रविवार निवडावा, आणि त्या संध्याकाळी दुसरे कोणतेही काम ठेवू नये.