एनोशिमाची गाईडेड डे ट्रिप: आधी विचारा, मागच्या बाजूला नेणार का?

टोकियोहून एनोशिमा या छोट्या बेटावर नेणाऱ्या गाईडेड टूर ढिगाने आहेत आणि वेबसाईटवर सगळ्या सारख्याच वाटतात, देवळं, समुद्र, सीफूड, संध्याकाळी परत. बुक करायच्या आधी एकच प्रश्न विचारा, बेटाच्या मागच्या बाजूचं ओकुत्सुनोमिया देऊळ आणि इवाया गुहांपर्यंत नेणार का? काही टूर पहिलं देऊळ, टॉवर आणि खरेदी उरकून तिथूनच माघारी फिरतात, आणि तसंच करायचं असेल तर गाईडचे पैसे कशाला घालवायचे, स्वतःच जा की.

आमची टूर शेवटपर्यंत नेणारी होती. मी, नवरा आणि रत्नागिरीहून आलेले आई-बाबा, शिवाय ग्रुपमध्ये अजून पाच-सहा जण. गाईड साठीच्या आसपासच्या काकू, इंग्लिश साधं पण स्पष्ट, आणि मुख्य म्हणजे पाठ केल्यासारखं बोलत नव्हत्या.

शिंजुकूहून ओडाक्यू लाईनने कातासे-एनोशिमा स्टेशन. स्टेशनची इमारत समुद्राखालच्या ड्रॅगन राजाच्या महालासारखी बांधलीये, फोटो तिथेच सुरू होतात. मग पूल चालत ओलांडला की ब्रॉंझचं तोरी, म्हणजे देवळाची कमान, आणि दुकानांची चढणीची अरुंद गल्ली. इथली ताको सेनबेई बघायलाच थांबायचं. अख्खं छोटं ऑक्टोपस पिठात घोळवून तापलेल्या लोखंडी प्लेटांमध्ये ठेवतात, वरून दाबतात, आणि वाफ अशी किंचाळत बाहेर येते की आई दोन पावलं मागे सरकली. निघतो तो तोंडापेक्षा मोठा कुरकुरीत कागद, त्यात पायांचे गोल गोल ठसे. लाईन मोठी असते पण पटपट सरकते.

खाताना डोक्यावर लक्ष ठेवा. घारी हातातलं खाणं उचलून नेतात, जागोजागी पाट्या आहेत. आपल्याकडे असते तीच घार बरं का, बाबांनी लगेच ओळखली आणि सेनबेई छत्रीखाली धरून खाल्ली.

आता देवळं. एनोशिमा जिंजा म्हणजे एक देऊळ नाही, तीन आहेत, हेत्सुनोमिया, नाकात्सुनोमिया आणि सगळ्यात मागे ओकुत्सुनोमिया, आणि तिन्हींमध्ये मिळून तीन बहिणी, समुद्राच्या देवता. यांचा जन्म कसा झाला ते काकूंनी पायऱ्यांवर उभं राहून सांगितलं, सूर्यदेवी अमातेरासूने भावाच्या तलवारीचे तुकडे केले, कडाकडा चावले आणि फुंकर मारली, त्या धुक्यातून या तिघी आल्या. बाबा म्हणाले, आपल्या पुराणात खपून जाईल ही गोष्ट.

गाईडचे पैसे मला वसूल वाटले ते हेत्सुनोमियाच्या शेजारच्या अष्टकोनी इमारतीत. वेगळं तिकीट आहे, 200 येन, आणि गाईड नसती तर आम्ही नक्की पुढे गेलो असतो. आत बेंझाइतेन, म्हणजे आपली सरस्वती, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे इथे पोचलेली. एक मूर्ती आठ हातांची, शस्त्रं घेतलेली, आणि दुसरी गोरीपान, अंगावर कपडे नाहीत, हातात बिवा, म्हणजे वीणेसारखं तंतुवाद्य. आई आधी बावरली, मग हात जोडले आणि हळूच मला विचारते, "अगं, ही जर सरस्वती तर मोर कुठाय, हंस कुठाय?" हिच्याबरोबर इथे साप नाहीतर ड्रॅगन असतो. काकूंनी मग पुढचं सांगितलं की आधी बेटावर बौद्ध आणि शिंतो (जपानचा मूळ धर्म) सगळं एकत्रच नांदत होतं, मुख्य पूजा हिचीच, 1868 मध्ये मेजी सरकारने दोन्ही वेगळे करायचा हुकूम काढला आणि बेटाचं देऊळ अधिकृतपणे तीन बहिणींचं झालं. लोक मात्र अजूनही बेंतेनसामाच, म्हणजे बेंझाइतेनच, म्हणतात. हे कळल्यावर पुढचं सगळं बेट वेगळंच दिसायला लागतं.

मधला टॉवर आणि बाग ठीक. हवा स्वच्छ असेल तर फुजी दिसतो, आम्हाला ढग दिसले.

आता तक्रार. बुकिंग कंपनीने मेलमध्ये "एस्केलेटरची सोय आहे, ज्येष्ठांना त्रास नाही" असं ठोकून दिलं होतं. एस्केलेटर आहे, 1959 पासून आहे, पण त्याला वेगळं तिकीट लागतं आणि तो फक्त वर जातो, खाली येणारा नाहीच. आणि मागच्या बाजूला गुहांकडे उतरायच्या पायऱ्या उंच, दमवणाऱ्या, त्याच परत चढायच्या. आईचे गुडघे बोलायला लागले. समुद्र शांत असेल तर खालून पुलापर्यंत छोटी बोट सुटते, त्या दिवशी वाऱ्यामुळे बंद होती. हे सगळं आधी लिहायला काय जातं यांचं?

पण खाली पोचलं की समोर नुसता खडक आणि पॅसिफिक. 1923 च्या मोठ्या भूकंपात हा खडकाचा कट्टा वर उचलला गेलाय. गुहा दोन, पहिली 152 मीटर, आत शिरताना हातात पेटलेली मेणबत्ती देतात, पाणी टपकत असतं, छत इतकं खाली की नवरा अर्धा वेळ कमरेत वाकून. दुसरीतला ड्रॅगन जरा फिल्मी आहे.

जेवण कड्यावरच्या छोट्या हॉटेलात, खिडकीतून खाली समुद्र. इथली खासियत शिरासु, म्हणजे सार्डिनसारख्या माशांची अगदी बारीक पिल्लं. अर्धी कच्ची, अर्धी उकडलेली अशी भातावर येतात. कच्ची म्हणजे काचेसारखी पारदर्शक आणि प्रत्येकाला काळ्या टिकलीएवढे डोळे, आलं आणि सोया सॉस घालून खायची, गुळगुळीत, शेवटी किंचित कडवट. मला आवडली, आईने बोटाने बाजूला सारली आणि उकडलेली चाटूनपुसून खाल्ली. कच्ची हवीच असेल तर 1 जानेवारीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत जाऊ नका, मासेमारी बंद असते, आणि एरवीही सकाळी बोटी गेल्या नाहीत तर मिळत नाही. बाबांनी साझाए घेतला, जाड काटेरी शंख, त्यातच सोया सॉस ओतून निखाऱ्यावर भाजतात, काडीने गरगर फिरवून मांस बाहेर ओढायचं. शेपटाचा हिरवा-काळा भाग कडू असतो. बाबांनी तोही सोडला नाही.

जेवणाला वेळ फारच कमी दिला, शेवटचा चहा उभ्यानेच. आणि व्हेज मंडळींनो, मिसो सूपमध्येसुद्धा माशाचं पाणी असतं, आमच्या ग्रुपमधल्या गुजराती जोडप्याच्या नशिबी भात, लोणचं आणि भाज्यांचा टेम्पुरा आला, त्याचा सॉसही बाजूला ठेवावा लागला. बरोबर थेपले होते म्हणून निभावलं.

मासे खाणारे, चालू शकणारे आणि गोष्टी ऐकायची हौस असणारे असाल तर बिनधास्त जा, माझे 5 पैकी 4. शनिवार-रविवार टाळा, गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. गुडघेदुखीवाल्यांनी नाकात्सुनोमियापर्यंत एस्केलेटरने जाऊन तिथेच चहा घेत बसावं, बाकीचे गुहा बघून येतील.