सरांच्या आठवणीत: बगीचा की झाडं?

आमच्या बॅचमध्ये महिनाभर एकच वाद चाललाय. वारलेल्या सरांच्या नावानं कॉलेजात स्मृती-बगीचा करायचा, की तेवढ्याच पैशात झाडं लावायची?

आधी पाणी बघा. आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि नेमकी तेव्हाच कॉलेजला सुटी. लॉनला आठवडाभर पाणी मिळालं नाही की ते पिवळं पडलंच. कडुनिंब, चिंच, करंज पहिले दोन-तीन उन्हाळे सांभाळले की पुढे आपले आपण जगतात.

खर्चही तसाच. बगीच्यात कुंपण, फरशी, बाकडी आणि वर माळ्याचा दरमहा पगार. झाडात रोपापेक्षा ट्री-गार्डच महाग, पण तो टाळू नका. बकऱ्या कोवळा शेंडा ठेवत नाहीत.

शिवाय आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पाया कच्चा असला तर चबुतरा तडकतो, नावाच्या पाटीसकट. (झाडालाही पाटी खिळ्यानं ठोकू नका, शेजारी दगड रोवा.)

बगीच्यात बसायला जागा मात्र लगेच होते. चिंचेच्या सावलीला बरीच वर्षं थांबावं लागतं.

बोअरला बारमाही पाणी आहे, माळी पगारी आहे आणि घरच्यांना पुण्यतिथीला फुलं वाहायला जागा हवी आहे, तर छोटा बगीचा करा. बाकीच्यांनी मृगाचा पाऊस मुरला की झाडं लावावीत. पन्नास नको, दहाच. आणि उन्हाळ्यात टँकरचे पैसे कोण देणार, ते आधी ठरवा.