बिल्ला कानात होता, नोंद दुसऱ्याच जनावराची निघाली

महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे आणि हा नियम गाई-म्हशींप्रमाणे शेळ्या-मेंढ्यांनाही लागू आहे, हे मला ठाऊक होते; किंबहुना ते ठाऊक असल्यामुळेच मी फसलो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आठवडी बाजारात १२ उस्मानाबादी शेळ्या पाहिल्या. प्रत्येकीच्या कानात १२ अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला दिसल्यावर माझी निम्मी काळजी तिथेच मिटली.

व्यापाऱ्याने मोबाईलवर ‘भारत पशुधन’ या जनावरांच्या सरकारी ऑनलाइन नोंदप्रणालीतील नोंदींचे फोटो दाखवले. त्यांत जात, वय आणि पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य साथरोगाची) लस दिल्याची तारीख व्यवस्थित होती. फोटोतील क्रमांक आणि कानातील क्रमांक मी स्वतः ताडून पाहिले आणि ते जुळले. मात्र तो फोटो कोणत्या दिवशी काढला आहे, नोंदीत मालक म्हणून कोणाचे नाव आहे, हे विचारण्याचे मला सुचले नाही. “मालकी मंगळवारी दवाखान्यात येऊन तुमच्या नावावर करून देतो,” असे तो म्हणाला. शेळीमागे ९,००० रुपयांप्रमाणे १,०८,००० रुपये मी रोख मोजले. मंगळवारपासून त्याचा फोन बंद आहे.

दोन गोष्टी तेव्हाच खटकायला हव्या होत्या. काही शेळ्यांच्या कानाला बिल्ल्याभोवती हळद लावलेली होती आणि त्या सारखे कान झटकत होत्या. माश्या बसू नयेत म्हणून हळद लावली आहे, हे उत्तर मी मानले. दुसरी गोष्ट दातांची. नोंदीत तीन वर्षे वय असलेल्या शेळीला साधारण सहा पक्के दात असायला हवेत. मी ओठ वर करून पाहिले तेव्हा दोघींना दोनच पक्के दात होते, म्हणजे त्या जेमतेम सव्वा-दीड वर्षाच्या होत्या. जनावर तरुण निघाले म्हणून मी मनातून खूशच झालो, हे कबूल केले पाहिजे.

सहाव्या दिवशी एका शेळीने चारा सोडला. अंगात ताप, नाकातून स्राव, हिरड्यांवर फोड आणि नंतर हगवण, अशी लक्षणे पाहून पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी पीपीआरची शंका व्यक्त केली. लसीची नोंद आहे, असे मी सांगितल्यावर त्यांनी क्रमांक प्रणालीत टाकून पाहिले. चार क्रमांक मेंढ्यांचे निघाले, एक चक्क गाईचा. बाकीचे सात शेळ्यांचेच होते, पण शेजारच्या तालुक्यातील एका पशुपालकाच्या नावावर. मला दाखवलेल्या फोटोंपैकी निदान पाच तरी खाडाखोड करून तयार केलेले होते, हे तिथेच उघड झाले. लस टोचली जाते जनावराला, तिची नोंद मात्र क्रमांकापुढे होते. क्रमांक दुसऱ्या कानात गेला की नोंद सोबत जाते, प्रतिकारशक्ती जात नाही.

मग त्यांनी एक कान उलटा करून मला दाखवला. बिल्ल्याचे दोन भाग एकदा चिमट्याने जोडले की कापल्याशिवाय सुटत नाहीत. इथे मागच्या चकतीतून आलेली दांडी कापलेली होती आणि गोंदासारख्या कशाने तरी पुन्हा चिकटवलेली होती. छिद्र ताजे असून त्यात पू झाला होता, आणि त्याच कानाच्या कडेला जुन्या, भरून आलेल्या छिद्राचा मागमूसही नव्हता. वर्षापूर्वी बिल्ला मारलेल्या कानाची जखम अशी ओली राहत नाही.

पाच शेळ्या दगावल्या. घरच्या जुन्या शेळ्यांना लस दिलेली असल्याने त्या वाचल्या, पण नव्या शेळ्या २१ दिवस वेगळ्या बांधण्याचा सल्ला मी पाळला नव्हता, तेव्हा यात नशिबाचाच भाग अधिक. विमा उतरवलेला नव्हता. उतरवला असता तरी दाव्याच्या वेळी बिल्ल्याचा क्रमांक आणि जनावर यांचा मेळ बसला नसता.

मालकी हस्तांतराची नोंद दवाखान्यात होते आणि तिला दहा-पंधरा मिनिटे लागतात. ती पैसे देण्याआधी व्हावी, असा आग्रह मी धरला असता तर पहिल्याच क्रमांकाला सौदा मोडला असता. शेजारच्या तालुक्यातील त्या पशुपालकाला मी पुढे भेटलो. त्यांनी त्या सातही शेळ्या आदल्या वर्षीच कत्तलीसाठी विकल्या होत्या आणि प्रणालीवर त्या अजून त्यांच्याच गोठ्यात होत्या. पोलिसांकडे दिलेल्या अर्जात विकणाऱ्याचे नाव मला लिहिता आले नाही, कारण त्याने सांगितलेले नावही खरे नव्हते. १२ बिल्ल्यांचे क्रमांक आणि त्यांच्या कापलेल्या दांड्यांचे फोटो तेवढे जोडले आहेत.