गुठळी काढणाऱ्या कॅथेटरच्या चाचणीसाठी सिलिकॉनचं धमनी मॉडेल: कसं आहे?

मेंदूच्या धमनीतली रक्ताची गुठळी काढणारे स्टेंट रिट्रीव्हर (गुठळीत उघडून तिला ओढून आणणारी तारेची जाळी) आणि अ‍ॅस्पिरेशन कॅथेटर (गुठळी शोषून घेणारी बारीक नळी) टेबलावर तपासायला हे पारदर्शक मॉडेल वापरतात. वळणांच्या बाबतीत ते खरंच उत्तम आहे. कॅरॉटिड सायफन (मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचं कवटीच्या तळाशी असलेलं नागमोडी वळण) नीट उतरलाय, त्यामुळे कॅथेटरचं टोक नेमकं कुठे अडतं ते डोळ्यांनी दिसतं.

मोठी अडचण घर्षणाची. सिलिकॉन कॅथेटरला धरून ठेवतं, धमनीचं खरं अस्तर एवढं धरत नाही. ३७ अंशांच्या सलाईनमध्ये थोडं डिटर्जंट मिसळलं की कॅथेटर सरकतो. जास्त झालं तर फेस होतो, बुडबुडे फांद्यांत अडकतात आणि प्रवाहाचे आकडे बिघडतात. पंप लावण्याआधी मॉडेल तिरकं धरून हवा काढाच.

गुठळी कशी बनवली यावर निकाल पालटतो. तांबड्या पेशींची गुठळी मऊ असते, ओढताना तिचे तुकडे पडतात. फायब्रिनची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या धाग्यांची, रबरासारखी चिवट. स्टेंट तिच्यावरून घसरून रिकामाच परत येतो. दोन्ही प्रकार तपासले नाहीत तर साधारण उपकरणही सरस ठरतं. स्टेंट उघडल्यावर ३ ते ५ मिनिटं थांबा, मग सावकाश ओढा. झटका दिलात की गुठळी सुटलीच.

बाहेर जाणाऱ्या नळीवर गाळणी बसवायची सोयच दिलेली नाही, हे फार खटकतं. सुटलेले कण पुढच्या बारीक धमन्या बुजवतात, ते मोजायलाच हवेत. १०० मायक्रॉनची जाळी वेगळी घेऊन जोडा.